सज्ज होण्याआधीचे क्रियापद

इंग्रजी बातम्यांच्या मथळ्यांत ‘गिअरिंग अप’ हे शब्द इतक्यांदा येतात की वाचणाऱ्याची नजर त्यांच्यावर थांबतही नाही. संघ अंतिम सामन्यासाठी गिअरिंग अप असतो, कारखाना नव्या मॉडेलच्या उत्पादनासाठी गिअरिंग अप असतो, हिवाळ्यातली रुग्णांची गर्दी जवळ आली की रुग्णालये गिअरिंग अप असतात. याच बातम्या मराठीत उतरल्या की त्या जागी जवळपास ठरल्यासारखा एकच शब्द येतो, तो म्हणजे ‘सज्ज’. संघ सज्ज, कारखाना सज्ज, रुग्णालये सज्ज. शब्द सुटसुटीत आहे, मथळ्यात नेमका बसतो आणि कानाला भारदस्त लागतो. पण बातमीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तो पुसून टाकतो. सज्ज म्हणजे तयारी झालेली आहे. गिअरिंग अप म्हणजे तयारी अजून व्हायची आहे, ती आत्ता कुठे वेग घेते आहे. मूळ बातमीतल्या रुग्णालयाने परिचारिकांच्या जादा पाळ्या लावायला घेतल्या आहेत, खाटा कुठे वाढवता येतील याची चाचपणी चालू आहे. मराठी मथळा वाचणाऱ्याचा मात्र समज होतो की ते सगळे आटोपले आणि आता नुसती रुग्णांची वाट पाहायची.

मी प्रौढांना इंग्रजी शिकवते आणि अधूनमधून भाषांतराचे कामही करते, त्यामुळे या क्रियापदाशी माझी दोन्ही बाजूंनी गाठ पडते. शिकवताना कोणीतरी हमखास विचारते की ‘प्रिपेअर’ हा सरळ शब्द असताना हा वळसा कशाला. भाषांतर करताना तोच प्रश्न उलटा होऊन समोर येतो, की या वळशात जे आहे ते मराठीत कशात ठेवावे. दोन्ही प्रश्नांचे उत्तर मला एकाच ठिकाणी सापडत आले आहे. ‘गिअर अप’ हे तयारीचे नव्हे, तर तयारीच्या सुरुवातीचे आणि चढत जाण्याचे क्रियापद आहे, आणि हा फरक सोडून दिला तर त्याच्याजवळ सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही.

‘गिअर’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोटारीचा दांडा किंवा दात्यांची चाके येतात, आणि गाडी वरच्या गिअरमध्ये टाकणे तेच ‘गिअर अप’ असणार, असे आपण धरून चालतो. शब्दाचा इतिहास मात्र चाकापासून सुरू होत नाही. इंग्रजीत हा शब्द सन 1200 च्या सुमारास दिसू लागतो तेव्हा त्याचा अर्थ असतो लढणाऱ्याचा सरंजाम, म्हणजे चिलखत आणि शस्त्रे. तो बहुधा जुन्या नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून आला, आणि तिथे त्याचे नाते ‘करणे, रचणे, तयार करणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी आहे. मग त्यात अंगावरचे कपडे आले, घोड्यावर चढवायचा साज आला, जहाजाच्या शिडांचे दोर आणि डोलकाठ्यांची सामग्री आली, आणि पुढे कोणत्याही कामाला लागणारे साहित्य या एका शब्दात मावू लागले. दात्यांच्या चाकाचा अर्थ यायला सोळावे शतक उजाडावे लागले, आणि सायकलीच्या संदर्भात तो रुळला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. क्रियापदाचीही तीच कथा आहे. आधी माणसाला शस्त्रे देऊन लढाईसाठी सजवणे आणि घोड्यावर साज चढवणे, आणि यंत्राला दातेरी चाके बसवणे हा अर्थ कितीतरी नंतरचा. अमेरिकेतल्या ग्रामीण बोलीत घोडा गाडीला जुंपण्यापूर्वी त्याच्यावर पट्टे चढवण्यालाही ‘गिअर अप’ म्हणत.

याच जर्मानिक घराण्यातली भावंडे पाहिली की शब्दाचा गाभा आणखी स्पष्ट होतो. जर्मन भाषेत ‘गार’ म्हणजे पूर्ण शिजलेले, आणि ‘गेर्बेन’ म्हणजे कच्चे कातडे कमावणे. डच भाषेतला ‘गार’ही शिजून तयार झालेल्या पदार्थाला लागतो. इंग्रजीतच ‘येर’ असा एक जुना शब्द होता, ‘तयार, चपळ’ या अर्थाचा. शेक्सपिअरच्या ‘द टेंपेस्ट’च्या पहिल्याच प्रवेशात वादळात सापडलेल्या जहाजाचा बोट्सवेन, म्हणजे खलाशांचा मुकादम, खलाशांना तो ओरडून सांगतो. कच्चे ते पक्के करणे, मोकळे ते बांधून घेणे, उघडे ते झाकून लढण्याजोगे करणे, अशा सगळ्या क्रिया या एका मुळाभोवती गोळा झालेल्या दिसतात. त्यातली एकही क्रिया क्षणात होणारी नाही. कातडे कमावायला दिवसच्या दिवस लागतात, चिलखत चढवायला दुसऱ्याचा हात लागतो. हे क्रियापद वेळखाऊ कामांच्या कुळात जन्मले आहे, आणि आजच्या वापरातही त्याने कुळाचा हा स्वभाव सोडलेला नाही, असे मला वाटते.

मग चाकाचा अर्थ निरुपयोगी समजायचा का? तसे मुळीच नाही. आज इंग्रजी बोलणाऱ्या माणसाच्या मनात ‘गिअर अप’ म्हणताना चिलखत नसते, यंत्रच असते, आणि शब्दांच्या बाबतीत लोकांच्या मनातले चित्र हे कोशातल्या व्युत्पत्तीइतकेच खरे मानावे लागते. गिअर असलेली सायकल उलटी करून, तिचे पेडल हाताने फिरवत मागचे चाक पाहिले तर हे चित्र नीट कळते. पुढच्या चाकाला 44 दाते आहेत आणि साखळी मागच्या 22 दात्यांच्या चकतीवर आहे, असे समजा. पेडलची एक फेरी झाली की मागचे चाक 2 फेऱ्या घेते. आता खटका दाबला, साखळी क्षणभर कडेला घसरली, खटखट वाजली आणि 11 दात्यांच्या लहान चकतीवर बसली, की त्याच एका फेरीत मागचे चाक 4 फेऱ्या घेते. यंत्रशास्त्रात गिअर वाढवणे म्हणतात ते हे. पण सायकल सरळ करून तिच्यावर बसल्यावर जे पायाला कळते ते डोळ्यांना दिसत नव्हते. वेग दुप्पट मिळाला खरा, पण प्रत्येक फेरीला पायाचा जोरही दुप्पट लागू लागला. वरचा गिअर फुकट काही देत नाही. साखळी एका चकतीवरून दुसरीवर जातानाचा जो अडखळता क्षण असतो, त्या वेळी सायकल आधीच्या लयीतही नसते आणि नव्या लयीतही नसते, आणि नेमका तोच काळ ‘गिअरिंग अप’ या चालू काळातल्या रूपाने पकडलेला आहे.

म्हणूनच हे क्रियापद क्षुल्लक कामाला लावता येत नाही. ‘आय ॲम गिअरिंग अप टू स्विच ऑफ द लाइट’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण कोणीही इंग्रजी भाषक ते सहज म्हणणार नाही, कारण दिवा मालवायला कोणतेही यंत्र वेगात आणावे लागत नाही. तेच ‘टू टेल हिम द ट्रुथ’ असे केले की वाक्य ताबडतोब जिवंत होते; सत्य सांगायला तोंड उघडण्यापलीकडे शरीराला काही करायचे नसले तरी मनाला पुष्कळ करायचे असते. समोरचे काम नेहमीपेक्षा मोठे आहे, ते ठरावीक वेळी येणार आहे आणि त्यासाठी आपल्याला आपली नेहमीची चाल बदलावी लागणार आहे, या तीन गोष्टी असल्या की ‘गिअर अप’ शोभते. यातली एखादी नसेल तर ‘गेट रेडी’ पुरते.

रचनेच्या बाजूने हे क्रियापद सोपे आहे. पुढे नाम आले तर ‘फॉर’ येतो, जसे ‘द टाउन इज गिअरिंग अप फॉर द इलेक्शन’. पुढे क्रिया आली तर ‘टू’ येतो, जसे ‘दे आर गिअरिंग अप टू लाँच अ न्यू सर्व्हिस’. कर्म घेऊनही ते चालते. कर्म नाम असेल तर ते ‘अप’च्या आधी किंवा नंतर कुठेही बसते, सर्वनाम असेल तर मात्र मध्येच बसावे लागते. ‘द कोच गिअर्ड देम अप’ असेच म्हणायचे, ‘गिअर्ड अप देम’ असे नाही. स्वतःलाच कर्म करून ‘गिअर युवरसेल्फ अप’ असे म्हटले की त्यात मनाची समजूत घालण्याचा, धीर गोळा करण्याचा भाग येतो. ‘बी गिअर्ड अप’ हे कर्मणी दिसणारे रूप अवस्था सांगते, आणि त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे. भाषेच्या पातळीबद्दल बोलायचे तर बातमी, संभाषण, कार्यालयातला पत्रव्यवहार या ठिकाणी ते सहज चालते. कायद्याच्या मसुद्यात किंवा शोधनिबंधात ‘प्रिपेअर’च बरे.

एका ठिकाणी मात्र शिकणाऱ्याने सावध राहावे. ‘गिअर्ड टू’ किंवा ‘गिअर्ड टुवर्ड्‌झ’ यात ‘अप’ नाही, आणि तिथे तयारीचा अर्थही नाही. ‘द कोर्स इज गिअर्ड टुवर्ड्‌झ बिगिनर्स’ म्हणजे तो अभ्यासक्रम नवशिक्यांना डोळ्यांसमोर ठेवून आखला आहे. एका लहानशा ‘अप’ने केवढा फरक पडतो ते इथे दिसते.

हा ‘अप’ परक्यांना किती छळतो याची जाणीव इंग्रजांनाही फार पूर्वीपासून आहे. सॅम्युअल जॉन्सनने 1755 मध्ये आपला कोश प्रसिद्ध केला तेव्हा प्रस्तावनेत त्याने मुद्दाम नोंदवले की क्रियापदाला मागून एखादे अव्यय जोडून अर्थ फिरवण्याची जी रीत आपल्या भाषेत आहे, तिच्यामुळे परदेशी माणसाला सर्वांत जास्त अडचण येते. त्याने दिलेल्या उदाहरणांत ‘सेट आउट’, ‘सेट ऑफ’, ‘टेक ऑफ’ ही क्रियापदे आहेत, आणि त्यातल्या ‘टेक ऑफ’चा अर्थ त्याने ‘नक्कल करणे’ असा दिला आहे. विमान आकाशात झेपावण्याला अजून दीडशे वर्षे अवकाश होता. अशा जोडक्रियापदांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव छापील स्वरूपात मिळाले ते 1925 मध्ये, लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकात, आणि हे नाव आपल्याला ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवले असे त्याने तिथेच सांगितले आहे. म्हणजे रीत शतकानुशतकांची आणि नाव जेमतेम शंभर वर्षांचे.

‘अप’ची कामे अनेक आहेत. ‘ईट अप’, ‘यूझ अप’ यांत तो काम शेवटास नेतो, ‘स्पीड अप’, ‘हीट अप’ यांत तो प्रमाण वाढवतो. तयारीच्या क्रियापदांत त्याची एक वेगळी पंगतच बसलेली आहे, आणि तिच्यातल्या प्रत्येकाने तयारीचा आपापला भाग वाटून घेतला आहे. ‘वॉर्म अप’ शरीर तापवते, ‘लिंबर अप’ आखडलेले सांधे मोकळे करते, ‘साइक अप’ मनाला चेव आणते. ‘ब्रश अप’ एकदा शिकलेल्या पण गंज चढलेल्या ज्ञानाला घासून काढते. जे कधीच शिकलो नाही त्याला ते लावता येत नाही, आणि ही मर्यादा मला फार आवडते, कारण ती विसरण्यालाही थोडी प्रतिष्ठा देते. ‘मग अप’ परीक्षेसाठी घोकते, ‘टूल अप’ कारखान्यात हत्यारे आणि यंत्रे बसवते, ‘सूट अप’ त्या त्या कामाचा पोशाख चढवते. या सगळ्यांत ‘गिअर अप’ची जागा वेगळी आहे. ते एखादे अंग धरत नाही. शरीर, मन, साहित्य, माणसे, वेळापत्रक हे सगळे एकाच वेळी एकाच दिशेने चढणीला लागल्याचे ते सांगते. ‘अप’चे ते दोन्ही अर्थ, वाढत जाणे आणि शेवटास जाणे, इथे एकमेकांत मिसळलेले वाटतात, पण पारडे वाढत जाण्याच्या बाजूला झुकलेले असते.

ही गोष्ट मला सर्वांत स्पष्ट केली ती माझ्या वर्गातल्या एका परिचारिकेने. त्या ऑपरेशन थिएटरमध्ये काम करत होत्या आणि परदेशातल्या नोकरीसाठी लागणाऱ्या भाषेच्या परीक्षेचा अभ्यास करत होत्या. नवे क्रियापद वापरून वाक्य लिहायला सांगितले तेव्हा त्यांनी लिहिले, ‘बिफोर एव्हरी ऑपरेशन आय गिअर अप द ट्रॉली.’ वाक्य तपासण्याऐवजी मी म्हटले, “सिस्टर, त्या वेळी तुम्ही नेमके काय काय करता ते मला क्रमाने सांगा.” त्यांनी सांगितलेले मी विसरणे शक्य नाही. आधी हात धुणे, नखांपासून कोपरांपर्यंत, आणि धुताना पंजे कोपरांच्या वर धरायचे, म्हणजे मळके पाणी कोपराकडे वाहते, बोटांकडे परतत नाही. मग निर्जंतुक गाउन, मग हातमोजे. मग ट्रॉलीवर निर्जंतुक कापड अंथरून त्यावर हत्यारे मांडायची, आणि तीही मनाला येईल तशी नाहीत. सर्जन ज्या क्रमाने मागतील त्या क्रमाने, न बघता हात जाईल अशी. मग मोजणी. गॉजचे तुकडे किती, सुया किती, हत्यारे किती, हे दोघींनी मिळून मोठ्याने मोजायचे आणि लिहून ठेवायचे, कारण शेवटी जखम शिवण्यापूर्वी तीच मोजणी पुन्हा जुळावी लागते.

या प्रत्येक कृतीला इंग्रजीत आपले क्रियापद आहे. हात धुणे ते ‘स्क्रब अप’, हत्यारे मांडणे ते ‘ले आउट’, ट्रॉली लावणे ते ‘सेट अप’, रुग्णाला तयार करणे ते ‘प्रेप’. मी त्यांना म्हटले, की तुम्ही जे रोज करता ते काटेकोर आहे, जोखमीचे आहे, पण ते रोजचे आहे. त्याला ‘गिअर अप’ लागत नाही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, मग तो शब्द त्या रात्रीला लागेल.” त्या रात्री एका मोठ्या अपघाताची खबर आली होती. किती जखमी येणार ते ठाऊक नव्हते. आधीच ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, घरी गेलेल्यांना फोन गेले, ज्यांना हलवता येईल त्या रुग्णांना दुसऱ्या वॉर्डांत नेऊन खाटा मोकळ्या केल्या, रक्तपेढीला कळवले गेले, बंद असलेले थिएटर उघडले गेले. त्यांच्या ट्रॉलीवर तीच हत्यारे होती आणि मोजणीची तीच रीत होती. बदलले होते ते आजूबाजूचे सगळे रुग्णालय. ‘द होल हॉस्पिटल वॉज गिअरिंग अप’ असे वाक्य त्यांनी आधीच्या वाक्याखाली लिहिले, आणि त्यात सुधारायला मला काहीही नव्हते.

त्याच संदर्भात ‘ब्रेस फॉर’ या शेजाऱ्याविषयीही बोलणे झाले, कारण संकटाच्या बातम्यांत ही दोन्ही आलटून पालटून येतात. ब्रेस होणे म्हणजे येणारा धक्का सोसण्यासाठी अंग ताठ करणे. त्यात माणूस थांबून असतो आणि संकट चालून येते. गिअर अप होण्यात माणूसही निघालेला असतो. किनाऱ्यावरच्या लोकांनी दारे-खिडक्यांवर फळ्या ठोकून आत बसणे हे ब्रेस होणे आहे, आणि बचाव पथकांनी होड्या, दोर आणि माणसे गोळा करणे हे गिअर अप होणे. वादळ दोघांसाठी एकच असते. वार्ताहर घाईत असला की हा भेद पुसला जातो हे मला ठाऊक आहे, तरी चांगल्या लेखणीत तो शाबूत असलेला दिसतो.

अमेरिकेच्या केंद्र सरकारने 1998 मध्ये सुरू केलेल्या एका शैक्षणिक योजनेचे नाव ‘गिअर अप’ असे आहे. नाव आद्याक्षरांतून जुळवलेले आहे. महाविद्यालयीन शिक्षणाची वेळेत जाणीव आणि तयारी करून देणे, असा त्याचा साधारण विस्तार आहे, आणि योजना आहे ती कमी उत्पन्न गटातल्या मुलांसाठी. अशी जुळवलेली नावे सहसा ओढूनताणून आणलेली असतात, पण इथे शब्द आणि काम यांचा मेळ मला मनापासून पटतो. या योजनेत मुलांच्या गटाशी काम सुरू करायचे ते उशिरात उशिरा सातवीपासून, आणि तो गट शाळा संपेपर्यंत सोबत धरायचा. महाविद्यालयाचा अर्ज भरायला अजून पाच वर्षे असताना बारा वर्षांच्या मुलाला ‘सज्ज’ म्हणणे निरर्थक ठरेल. गिअर अप होण्याला मात्र तेच वय योग्य आहे. ज्या घरात आधी कोणी महाविद्यालयात गेलेले असते त्या घरातल्या मुलाला ही चढण कोणी वेगळी दाखवावी लागत नाही; इतरांना ती दाखवावी लागते, आणि तीही चढण लागण्याच्या पुष्कळ आधी.

आता मराठीकडे. आपल्याकडे या अर्थासाठी शब्दांची वाण नाही, उलट आपले जुने शब्द गिअरच्या मूळ अर्थाशी थक्क व्हावे इतके जुळतात. ‘सन्नद्ध’ म्हणजे मुळात बांधलेला, कवच कसलेला. ‘कटिबद्ध’ म्हणजे कंबर बांधलेला. ‘सज्ज’ संस्कृतातून आला तो शस्त्र धारण केलेला, सिद्ध झालेला हा अर्थ घेऊन. तिन्ही शब्द लढाईच्या अंगणातले आहेत आणि तिन्ही भूतकालवाचक घडणीचे किंवा त्या छायेचे आहेत; बांधून झाले आहे, चढवून झाले आहे. त्यामुळे ते ‘बी गिअर्ड अप’ला जवळचे आणि ‘गिअरिंग अप’ला लांबचे. ‘कंबर कसणे’ या वाक्प्रचारात क्रिया अजून चालू आहे, म्हणून तो अधिक जवळ येतो, पण त्यात निर्धाराचा भाग मोठा आणि व्यवस्थेचा लहान. एखादा कारखाना कंबर कसतो असे लिहिले की कारखान्याला उगाच माणसाचे शरीर चिकटते. ‘जय्यत तयारी’ आकारमान सांगते, गती सांगत नाही.

मराठीची स्वतःची खरी ताकद मला दुसरीकडेच दिसते, आणि ती कोशात नसून व्याकरणात आहे. आपण ‘वाचून ठेव’, ‘सांगून ठेव’, ‘काढून ठेव’ असे म्हणतो. ‘ठेवणे’ या सहायक क्रियापदाने आपण कोणत्याही कामाला पुढच्या गरजेशी जोडतो. काम आत्ता होते आणि उपयोग नंतर. हे इतके सहज होते की तयारी या शब्दाचा उच्चारही करावा लागत नाही. इंग्रजीत हे काम करणारे एवढे सर्वसंचारी क्रियापद मला दिसलेले नाही. पण ‘ठेवणे’ शांत आहे. वाचून ठेवलेले पुस्तक बाजूला होते आणि माणूस मोकळा होतो. गिअर अप झालेला माणूस मोकळा होत नाही. दर दिवशी तो थोडा अधिक गुंतत जातो.

म्हणून बातमीतल्या ‘गिअरिंग अप’साठी मी गेली कित्येक वर्षे एकच साधा पर्याय प्रथम करून पाहते. ‘तयारीला लागणे’. यातले ‘लागणे’ सुरुवात सांगते, चिकाटी सांगते आणि काम संपले असल्याचा कोणताही दावा करत नाही. संघ अंतिम सामन्याच्या तयारीला लागला आहे. रुग्णालये हिवाळ्यातल्या गर्दीच्या तयारीला लागली आहेत. मथळ्यात दोन-चार अक्षरे जास्त जातात हे मान्य, पण वाचकाला खरे ते कळते. प्रमाण मोठे असेल तर ‘जोरात’, ‘झपाट्याने’ असे एखादे क्रियाविशेषण जोडावे, मनाची तयारी असेल तर ‘मनाचा हिय्या करणे’ घ्यावे, अंगावर साहित्य चढवण्याचा शब्दशः अर्थ असेल, जसा पाणबुड्यांच्या किंवा गिर्यारोहकांच्या वर्णनात असतो, तर ‘सगळा सरंजाम चढवणे’ असे सरळ लिहावे. एका इंग्रजी क्रियापदाला एकच मराठी प्रतिशब्द नेमून द्यावा हा हट्ट मी कधीच धरला नाही. कोणत्या वाक्यात त्याचे कोणते अंग पुढे आले आहे ते पाहावे आणि त्या अंगाला शब्द द्यावा.

‘बी गिअर्ड अप’चे राहिले. हे रूप अनेकदा अशा वाक्यांत भेटते जिथे तयारी वाया गेलेली असते. ‘वी वेअर ऑल गिअर्ड अप फॉर इट, अँड देन इट वॉज कॉल्ड ऑफ.’ सामना पावसाने रद्द होतो, शस्त्रक्रिया पुढे जाते, मुलाखतीचा दिवस बदलतो. ब्रिटनमधल्या रुग्णालयांत मोठ्या दुर्घटनेच्या वेळी पाठवायचे निरोप ठरलेले असतात; आधी ‘स्टँडबाय’, म्हणजे तयार राहा, मग दुर्घटना जाहीर झाल्याचा निरोप, आणि शेवटी ‘स्टँड डाउन’, म्हणजे आता मोकळे व्हा. कधी ‘स्टँडबाय’नंतर थेट तो रद्द झाल्याचाच निरोप येतो. सिस्टरांच्या त्या रात्रीही बहुतेक जखमी दुसऱ्या रुग्णालयांत नेले गेले आणि त्यांच्या थिएटरमध्ये कोणीच आले नाही. उघडलेले संच वापरले गेले नव्हते, तरी एकदा उघडल्यामुळे ते सगळे पुन्हा निर्जंतुकीकरणाला पाठवावे लागले. त्या म्हणाल्या, की कोणी आले नाही याचा आनंदच होता, पण पहाटेपर्यंत झोप काही लागली नाही.

हे वाक्य मराठीत आणताना मी ‘आम्ही पूर्ण सज्ज होतो आणि ते रद्द झाले’ असे लिहीत नाही, कारण त्यात रद्द होण्याची नोंद राहते आणि अंगात भरलेला वेग राहत नाही. ‘आम्ही अगदी कंबर कसून बसलो होतो आणि ऐनवेळी ते रद्दच झाले’ असे मी लिहिते. इथे काम ‘बसणे’ करते. ‘कसून बसलो होतो’ म्हटले की काम होऊन थोडा वेळ गेला आहे, तरी कसलेले अजून सैल झालेले नाही, हे दोन्ही एकदम येते. आणि ‘रद्दच’मधला ‘च’ त्या इंग्रजी ‘अँड देन’चे उरलेसुरले काम करून टाकतो.